बिलात हाड, जबड्यात ठणठणपाळ

आत्याची खालची डावी दाढ काढून दोन-तीन वर्षं झाली होती. तिथे इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दात) बसवायचं ठरलं. नाशिकमधल्या एका चकाचक क्लिनिकमध्ये (नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे) सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्सरे) काढला, तर हाडाची रुंदी जेमतेम ४ मिमी. इथपर्यंत डॉक्टर खोटं बोलले नाहीत. दात गेला की तिथलं हाड झिजतं, पहिल्या वर्षात जास्त आणि गालाकडून जास्त. दाढेचा स्क्रूच साधारण ४ मिमी किंवा त्याहून जाड असतो, शिवाय दोन्ही अंगांना एकेक मिमी तरी हाड लागतं. म्हणजे हाड भरणं, ग्राफ्ट करणं आलंच.

इस्टिमेट ६८ हजारांचं, इम्प्लांट वेगळं. १ ग्रॅम झेनोग्राफ्ट (भरायचे हाडाचे दाणे), वर झाकायला कोलॅजन मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा, शिवाय पीआरएफ. "काकू, सहा महिन्यांत हाड दगडासारखं होईल बघा," डॉक्टर म्हणाले. अर्ध्या तासात टाके घालून आत्या बाहेर. सहा महिन्यांनी गेलो तर उत्तर तयार: हाड धरलं नाही, पुन्हा ग्राफ्ट करावं लागेल. सोबत नवीन इस्टिमेट.

तेव्हा मी जुनं बिल काढून ओळ न ओळ वाचलं. पीआरएफ, ९ हजार. हे पेशंटच्याच रक्तापासून करतात: दंडातून रक्त काढायचं, लगेच मशीनमध्ये फिरवायचं आणि जी गुठळी जमते ती जखमेत ठेवायची. आत्याला विचारलं, रक्त कधी काढलं गं? "कुठलं रक्त? सुई लागली ती हिरडीलाच." तिची शीर सापडत नाही, शुगर तपासायला येणारा लॅबवाला दोन्ही हात टोचून घामाघूम होतो. दंडाला सुई लागली असती तर तिने आठवडाभर गाऱ्हाणं गायलं असतं.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे नवा सीबीसीटी काढला आणि जुना शेजारी लावला. रुंदी तीच, ४ मिमी. झेनोग्राफ्टचे दाणे वर्षानुवर्षं एक्सरेत पांढरे दिसतात. इथे एकही नाही. ग्राफ्ट फसूही शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलं. पण तेव्हा बहुधा जखम उघडते, पू होतो, दाणे तोंडात येतात. आत्याला यातलं काहीच झालं नव्हतं.

झेनोग्राफ्ट म्हणजे प्राण्याचं हाड, बहुतेक वेळा गाईचं. आमची आत्या माळकरी. तिला कोणी विचारलंही नाही. भरलंच नाही हे नशीब म्हणायचं! कृत्रिम ग्राफ्ट मिळतं, मानवी दात्याच्या हाडाचंही मिळतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलची टिश्यू बँक ते तयार करते. कशाचं भरणार हे विचारायचा हक्क आपला आहे, आणि ते लेखी घ्या.

ग्राफ्ट सीलबंद कुपीत येतं, साधारण पाव-अर्धा ग्रॅमच्या. त्यावर लॉट नंबर आणि मुदतीची तारीख असते. कुपी समोर फोडायला सांगा, स्टिकर केसपेपरवर चिकटवून त्याचा फोटो घ्या. टाके घातल्यावर त्याच दिवशी एक्सरे मागा. पुढच्या एक्सरेशी ताडायला हाच लागतो, आणि आमच्याकडे नेमका हाच नाही. प्रामाणिक डॉक्टरला या मागण्यांचा राग येत नाही. आमचे दुसरे डॉक्टर स्टिकर न मागता देतात.

क्लिनिकचं म्हणणं: पीआरएफची एंट्री चुकून पडली, तेवढे ९ हजार परत घ्या, ग्राफ्ट "बॉडीने अ‍ॅब्सॉर्ब केलं". पैसे घेतले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला (१९१५) फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, ती मुदत आम्ही ऑपरेशनच्या तारखेपासून धरलीय. राज्य डेंटल कौन्सिलकडचा अर्जही तयार आहे. त्याआधी लॉट नंबर मागणारं पत्र क्लिनिकला स्पीड पोस्टाने पाठवलं. पोच मिळाली आहे, नंबर अजून आलेला नाही.