ग्रीनिच व्हिलेजचा जुना को-ऑप की हडसनपलीकडचा नवा कॉन्डो?

कामाच्या दिवशी जर्सी सिटीतल्या न्यूपोर्टहून मॅनहॅटनमधल्या 33व्या स्ट्रीटकडे जाणारी पाथ ट्रेन पकडली की हडसन नदीखालून पुढचं स्टेशन येतं ते व्हिलेजमधलं ख्रिस्तोफर स्ट्रीट. एकीकडे जर्सी सिटीतले काचेचे टॉवर, दुसरीकडे ग्रीनिच व्हिलेजच्या विटांच्या इमारती. मॅनहॅटनमध्ये नोकरी करणारी आपली बरीच मंडळी घर घेताना याच दोघांत अडकतात: व्हिलेजमधला को-ऑप, म्हणजे कंपनीच्या शेअर्सवर मिळणारं घर, की नदीपलीकडचा कॉन्डो, म्हणजे थेट स्वतःच्या नावावरचा फ्लॅट.

व्हिलेजची ओढ मला पुरती कळते. एडना सेंट व्हिन्सेंट मिलेसारखी कवयित्री बेडफर्ड स्ट्रीटवरच्या चिंचोळ्या घरात राहून गेली. वॉशिंग्टन स्क्वेअरमधून रस्ता काढायचा घाट घातला गेला तेव्हा इथेच राहणारी लेखिका जेन जेकब्ज आणि शेजारीपाजारी उभे ठाकले आणि तो बेत हाणून पाडला. 1969 साली हा भाग ऐतिहासिक म्हणून जाहीर झाला, म्हणून वाकड्यातिकड्या गल्ल्यांतल्या जुन्या इमारती अजून तशाच उभ्या आहेत. बिंग अँड बिंग या बिल्डरने 1930 च्या आसपास बांधलेल्या इमारती आजही इथे सर्वांत जास्त मागणीच्या. आत शिरताच छोटा फॉयर (प्रवेशाची खोली), प्रत्येक खोलीला स्वतःचं दार, जाड प्लास्टरच्या भिंती. शेजारचा टीव्ही ऐकू येत नाही. नव्या कॉन्डोत बहुतेकदा स्वयंपाकघर आणि हॉल एकच असतो. फोडणीचा वास सोफ्यात मुरतो.

पण अशा प्रीवॉर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या, घराची दुसरी बाजूही बघा. हिवाळ्यात वाफेचा रेडिएटर फुसफुसतो, पाइप ठणठण वाजतात, खोली इतकी तापते की जानेवारीत खिडकी उघडावी लागते. उष्णता कमी-जास्त करणं तुमच्या हातात नाही. घरात वॉशिंग मशीन लावायला कित्येक इमारती परवानगी देत नाहीत. कपडे घेऊन तळघरात जायचं. खिडक्या बदलायच्या तर ऐतिहासिक इमारती जपणाऱ्या शहराच्या लँडमार्क्स कमिशनची मंजुरी लागते. कॉन्डोत यातलं जवळपास काही नाही, आणि लहान मूल घरात असेल तर हा फरक रोज जाणवतो.

खरा फरक मात्र कागदावर आहे. को-ऑपमध्ये तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही, इमारतीच्या कंपनीचे शेअर्स घेता. मुंबईच्या सोसायटीत राहिलेल्याला शेअर सर्टिफिकेट नवं नाही, पण इथल्या बोर्डाचे अधिकार फार मोठे. टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, ओळखीच्यांची पत्रं सगळं पाहून, वर मुलाखत घेऊन बोर्ड नकार देऊ शकतं. भेदभाव करता येत नाही, पण कारण सांगायचं बंधनही साधारणपणे नसतं. डाउन पेमेंट साधारणपणे निदान 20 टक्के, अनेक ठिकाणी जास्त. शिवाय व्यवहारानंतर वर्ष-दोन वर्षांच्या हप्त्यांइतकी रक्कम शिल्लक दिसावी, अशी बऱ्याच बोर्डांची अपेक्षा असते. घर भाड्याने देण्यावर कडक मर्यादा.

म्हणून एच-वन-बीवर असाल, ग्रीन कार्डचा पत्ता नसेल, उद्या पुण्याला किंवा टेक्सासला जावं लागेल असं वाटत असेल, तर माझं मत स्वच्छ आहे: कॉन्डो घ्या. भाड्याने देऊन जाता येतं. जर्सीत राहिल्याने न्यूयॉर्क शहराचा आयकरही वाचतो. पती-पत्नीचं मिळून करपात्र उत्पन्न अडीच लाख डॉलर असेल तर तो वर्षाला नऊ हजारांच्या वर जातो. न्यूयॉर्क राज्याचा कर मात्र चुकत नाही. शिवाय न्यूयॉर्कमध्ये दहा लाख डॉलर किंवा त्यावरच्या घरावर खरेदीदाराला किमान 1 टक्का मॅन्शन टॅक्स भरावा लागतो.

मुक्काम पक्का असेल, आठ-दहा वर्षं हलायचं नसेल, तर व्हिलेजच घ्या. नदीपलीकडे तशी गल्ली आणि तशा भिंती मिळायच्या नाहीत. फक्त छताची उंची बघून भुलण्याआधी वकिलाकडून इमारतीचे हिशेब आणि बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं वाचून घ्या. जमीन इमारतीच्याच मालकीची आहे ना? लीजवर असेल तर ती लीज पुन्हा करताना मेंटेनन्स, म्हणजे इमारतीला दरमहा द्यायची रक्कम, प्रचंड वाढू शकतो. अशा घरापासून मी तरी लांबच राहीन. इमारतीच्या डोक्यावर कर्ज किती? सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भिंतींची दर 5 वर्षांनी सक्तीची तपासणी होते. दुरुस्ती निघाली तर खर्च सगळ्या सभासदांत वाटला जातो. लोकल लॉ 97 या शहराच्या कायद्यामुळे मोठ्या इमारतींना 2024 पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा आहे, आणि जुन्या बॉयलरला ती जड जाते.

कॉन्डोवाल्यांनीही एक प्रश्न विचाराच: मालमत्ता करातली सवलत चालू आहे का आणि ती कधी संपते? जर्सी सिटीच्या कित्येक नव्या टॉवरांत ती ठरावीक वर्षांपुरतीच असते.