अंडी दिसली म्हणजे राणी आहे, असं धरू नका

सांगोल्याकडे आमची अडीच एकर डाळिंबाची बाग आहे. आंबे बहाराला (जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा) सेटिंग, म्हणजे फळधारणा, चांगली व्हावी म्हणून गेल्या वर्षी मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या १० पेट्या विकत घेतल्या. पेटीला ४,५०० रुपये.

पेट्या रात्री अकराला आल्या. त्यात गैर काही नाही, माश्या रात्रीच हलवतात. विकणाऱ्यानं बॅटरीच्या उजेडात एकेक झाकण उचलून दाखवलं. आठही फ्रेमवर (पोळ्याच्या लाकडी चौकटींवर) माश्यांचा थर, लाकूड दिसेना. पैसे मोजून घेतले आणि जाता जाता बजावलं, "दादा, पंधरा दिवस उघडू नका, माश्या बिथरतात." मी शब्द पाळला. त्याला तेच हवं होतं.

तीन आठवड्यांत माश्या निम्म्यावर आल्या. फोन केला तर म्हणतो कसा, "फ्रेम उन्हात धरून बघा. अंडी आहेत ना? मग राणी आहे. तुमच्याकडं रोग आलाय, औषध पाठवतो." अंडी तर होती! २,२०० रुपयांची पांढरी पावडर आली. पाकातून दिली. चाखून बघितली असती तरी पिठीसाखर ओळखू आली असती, पण औषध कोण चाखतंय.

शेवटी ओळखीनं महाबळेश्वरकडच्या एका जुन्या मधपाळ काकांना बोलावलं. त्यांनी फ्रेमवरच्या माश्या झटकल्या, ऊन पाठीशी घेतलं आणि मला पोळ्याच्या घरांत बघायला लावलं. एका घरात तीन अंडी, शेजारी दोन, काही तर भिंतीलाच चिकटलेली. "राणी एका घरात एकच अंडं घालते, ऐन तळाला. ही कामकरी माश्यांची. त्यांचं पोट आखूड, तळापर्यंत पोचत नाही." राणी जाऊन बरेच दिवस झाले की असं होतं. मिलन न झालेल्या माश्यांची ती अंडी, त्यातून निपजतात नुसते नर. मध-पराग आणायचं काम ते करत नाहीत. नरांची बंद घरंही मग दिसली, बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर टोपणं.

दहातल्या सात पेट्या अशाच. दुसरीकडच्या माश्या झटकून भरल्या असाव्यात, हा काकांचा अंदाज. नवी राणी देऊ म्हटलं तर म्हणाले, "बहुतेक मारून टाकतील." उरलेल्या माश्या तीन चांगल्या पेट्यांसमोर झटकल्या, म्हणजे त्यांत शिरतील. रिकाम्या फ्रेमा मेणकिड्यानं जाळी करून खाल्ल्या. विकणारा आता फोन उचलत नाही.

यंदा तीनच पेट्या घ्यायच्या ठरवल्या, त्याही विकणाऱ्याच्या जागेवर, भर दुपारी, उघडून. राणी डोळ्यांनी बघायची, एका घरात एक अंडं, अळ्या, सपाट टोपणं, सगळं बघायचं. अर्धे पैसे २१ दिवसांनी, कारण आज घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडायला तेवढे दिवस लागतात. यंदा विचारलेला पहिला विकणारा हे ऐकून म्हणाला, "असला व्यवहार आम्ही करत नाही." दुसऱ्यानं काही न बोलता माश्या शांत करायला धूर दिला आणि फ्रेम माझ्या हातात ठेवली.