आमच्या शाळेत आलेलं फिरतं तारांगण

गेल्या आठवड्यात आमच्या जिल्हा परिषद शाळेत (घाटंजी तालुका, यवतमाळ) हवेनं फुगवायचं तारांगण आलं होतं. तिकीट ४० रुपये. पाचवीतल्या लेकीसोबत मीही आत बसलो.

नक्षत्रांचा भाग ठीक. जागलीला गेलं की त्याहून जास्त चांदण्या आम्ही रोज पाहतो. पण मंगळाचा भाग आला आणि दाखवणाऱ्या दादांनी रेकॉर्ड केलेली हिंदी बंद करून स्वतः मराठीत सांगायला घेतलं. माझे पैसे तिथंच वसूल झाले.

नासाची 'ऑपॉर्च्युनिटी' गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. तिथले ९० दिवस चालावी एवढीच अपेक्षा. ती चालली चौदा वर्षांच्या वर, ४५ किलोमीटर. मंगळाचा दिवस आपल्याहून साधारण ४० मिनिटांनी मोठा, म्हणून सुरुवातीला तिची माणसं मंगळाच्या घड्याळावर जगली. सकाळची ड्युटी अठरा दिवसांनी रात्रीची व्हायची. दिवसा झोपता यावं म्हणून खिडक्यांना जाड पडदे. ओलिताची लाइन रात्रीची असली की आम्हीही असेच जागतो, त्यामुळं हे मला लगेच भिडलं. गाडीचं नाव सोफी कॉलिस या नऊ वर्षांच्या, अनाथाश्रमातून दत्तक घेतलेल्या मुलीनं सुचवलं, हे ऐकून लेक सरसावून बसली.

गाडी सौर पाट्यांवर चालायची, माझ्या पंपासारखी. तुरीच्या थ्रेशरची धूळ बसली की पाण्याची धार बारीक होते, मी ओल्या फडक्यानं पाट्या पुसतो. तिथं ते काम अधूनमधून वारा करायचा. जून २०१८ च्या वादळात मात्र भरदिवसा अंधार झाला. तिचा शेवटचा फोटो दादांनी घुमटभर लावला. काळाकुट्ट, पांढरे ठिपके, आणि खालचा भाग आलेलाच नाही. दादा काही बोलले नाहीत. मग सांगितलं, पुढचे आठ महिने तिची माणसं तिला हाका मारत होती, हजारावर संदेश पाठवले.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, तिच्या पाट्या पुसाले कोणीच नोतं काय?"

दोन गोष्टी सुधारा. 'बॅटरी संपतेय, अंधार होतोय' असं गाडी म्हणाली, हे पडद्यावर लिहिलेलं चूक आहे. तिनं फक्त आकडे पाठवले होते, त्यांचा अर्थ माणसानं तसा शब्दांत मांडला. मुलांना हेच सांगा, यातच जास्त माया आहे. दुसरं, सहा महिन्यांसाठी पाठवलेलं आपलं मंगळयान आठ वर्षं टिकलं, त्याला जेमतेम अर्धा मिनिट? इस्रोच्या माणसांबद्दलही ऐकायचं होतं.

मध्येच लाइट गेली, पंखा थांबला आणि घुमट मुलांच्या डोक्यावर बसला. इन्व्हर्टर सोबत ठेवा.

शाळांनी सकाळचा पहिला खेळ घ्यावा, दुपारी आत उकडतं. आणि दादा, तो काळा फोटो पुढच्या गावात अजून थोडा वेळ राहू द्या.