उष्णता न सोसणाऱ्या शरीरासाठी नागपुरी लोखंडी कूलर

नागपुरातील एका स्थानिक कारागिराकडून बनवून घेतलेल्या लोखंडी पत्र्याच्या डेझर्ट कूलरचे हे परीक्षण आहे, आणि ते एका विशिष्ट गरजेच्या ग्राहकाने लिहिलेले आहे. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण जागोजागी झिजते आणि अशा तंतूंमधून संदेश आधीच जेमतेम पोहोचत असल्यामुळे शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो वाटेत अडतो. डोळ्यांपुढे धूसर होते, पाय जड पडतात, हातातला पेला कधी निसटला ते कळत नाही. श्रमानंतर रुग्णाची दृष्टी काही काळ मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी 1890 साली नोंदवले होते, आणि पुढे रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे उमटतात का ते पाहणे, ही निदानाची एक रीतच होऊन बसली. शरीर थंड झाले की ही लक्षणे ओसरतात, उष्णतेने मूळ आजार वाढत नाही, हा दिलासा खरा आहे. पण ज्या शहरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता, तिथे शरीर थंड ठेवायचे कशाने, ही चिंता मार्चपासूनच सुरू होते.

नुसता पंखा एप्रिलनंतर कामाचा राहत नाही, कारण हवा त्वचेपेक्षा गरम झाली की तो झळाच अंगावर आणून सोडतो. एसी अर्थातच प्रभावी आहे, पण दीड टनाचा एसी साधारण 1500 वॅट वीज खातो आणि भर दुपारी वीज गेली की घरगुती इन्व्हर्टरवर तो चालत नाही. कूलरला पंखा आणि पंप मिळून 200 वॅटच्या आसपास वीज पुरते आणि तो इन्व्हर्टरवर सहज चालतो; ज्याला थंड खोली सलग हवी असते त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आता प्रत्यक्ष कामगिरीविषयी. विदर्भातील मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या बाजूंना बसवलेल्या ओल्या ताट्यांतून जाताना ती पाणी अक्षरशः पिऊन घेते, आणि एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता हवेतून काढून घेतली जाते. बाहेर 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर अशा रीतीने हवा जास्तीत जास्त 24 अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या ताट्या त्या मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ नेतात. आमच्या खोलीतील तापमापक भर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी तीनच्या सुमारास, 29 ते 30 अंश दाखवत होता. त्या वेळी मी टेबलाशी बसून हिशेबाची वही वाचू शकत होतो आणि अक्षरे जागेवर होती, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला देता येणार नाही. त्यासाठी कूलर खिडकीबाहेर सज्ज्यात ठेवावा लागतो आणि समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी लागते. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला की तीच ओली हवा खोलीत फिरत राहते, अंग चिकचिकते आणि मग लोक कूलरला नावे ठेवतात.

ताट्यांची निवड कारागिराने माझ्यावर सोडली होती. वाळ्याचा सुगंध मनाला भुरळ घालतो, पण रोज वापरायच्या कूलरसाठी तो महाग पडतो. वुडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, स्वस्त असते, मात्र हंगामाच्या मध्यावर ते खाली बसते, वरच्या बाजूला मोकळी फट पडते आणि तिथून गरम वारा सरळ आत येतो. हे मला हवेच्या स्पर्शाआधी माझ्या पायांवरून कळले. हनीकॉम्ब म्हणजे मधपोळ्यासारख्या छिद्रांचा जाड कागदी थर. तो महाग असला तरी आकार सोडत नाही. मी तिन्ही बाजूंना हनीकॉम्ब बसवून घेतले आणि तो खर्च वाया गेला नाही. बोअरचे पाणी वापरल्यास त्याच्यावर क्षारांचा पांढरा थर चढतो, म्हणून शक्यतो नळाचे पाणी भरावे.

उणिवाही आहेत. आवाज मोठा आहे. शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही. टाकी दुपारभरात तळ गाठते आणि अशक्त माणसाने बादल्या उचलून ती भरणे म्हणजे ज्यासाठी कूलर घेतला तेच गमावणे होय, तेव्हा नळाची जोडणी आणि टाकीत पाणी भरताच आपोआप बंद होणारा फ्लोट व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी बसवून घ्यावा. पत्र्याच्या कूलरचा खरा धोका विजेचा आहे. महावितरण उन्हाळ्यात याबाबत सावध करत असते, तरी अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर कूलर चालवणारी घरे कमी नाहीत. माझ्या बोटांना बधिरपणा असल्यामुळे झिणझिण्या विजेच्या की आजाराच्या, हे मला ओळखता येणार नाही. म्हणून अर्थिंग तपासून घेतले, गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवला आणि पाण्याला हात लावण्याआधी प्लग काढण्याचा नियम घरात केला. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासणेही टळत नाही, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. डेंग्यूचाच काय, साधा तापही मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला अंथरुणाला खिळवू शकतो.

जूनमध्ये मात्र हा कूलर साथ सोडतो. पहिले ढग आले, आर्द्रता 65 टक्क्यांवर गेली की काट्यावर 30 अंशच दिसतात, पण घाम वाळत नाही आणि शरीर तापतच राहते. त्या दिवसांत मी कूलर बंद करून एसी लावतो, आणि वीज गेलीच तर मानेभोवती ओला पंचा गुंडाळून पंख्याखाली बसतो. त्यामुळे मुंबई, कोकण किंवा गोव्यातील कोणाला उष्णता सोसत नसेल, तर त्यांनी या वाटेला जाऊ नये; तिथे हा कूलर आवाज करणारा ओला पंखा ठरेल. नागपूर, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात घर असेल तर फेब्रुवारीतच मागणी नोंदवावी, कारण होळीनंतर कारागीर घाईत असतात आणि पत्र्याला आतून गंजरोधक रंगाचा दुसरा हात द्यायचे टाळतात.