नागपूरच्या उन्हात जुनी गाडी: अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन की पद्मिनीचं?

जुनी गाडी बघायला गेलं की लोक पत्रा ठोकून बघतात, गंज शोधतात. पत्रा नवा करता येतो. अ‍ॅम्बॅसेडर की फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, हा प्रश्न नागपुरात तरी बॉनेट उघडूनच सोडवा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की दोन्ही इंजिनांचे स्वभाव लगेच कळतात.

आधी पद्मिनी, कारण तिच्या इंजिनाचा इतिहास मला फार आवडतो. हे १०८९ सीसीचं इंजिन मुळात १९३७ सालचं, फियाटच्या ५०८ सी बॅलिलासाठी त्यांचे इंजिनिअर दांते जाकोसा यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिमी, म्हणजे बोअरपेक्षा फार लांब नाही, म्हणून ते मोकळं फिरतं. खाली बिडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण. युद्धानंतर चिसितालिया नावाच्या छोट्या कंपनीनं हेच इंजिन जास्त ताकदीचं करून रेसच्या गाड्यांत बसवलं, आणि १९४७ च्या मिल्ले मिलिया या इटलीतल्या शर्यतीत नामांकित रेसर ताझिओ नुव्होलारी त्या गाडीतून दुसरा आला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पद्मिनीवर चढत होतं ते याच घराण्यातलं इंजिन. ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास, पण गाडी हलकी, त्यामुळे चालवायला गोड.

अ‍ॅम्बॅसेडरला सुरुवातीला जुनं साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन होतं. १९५९ मध्ये बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं १४८९ सीसी बी-सिरीज आलं आणि गाडीचं नशीब पालटलं. हे घराणं ऑस्टिनचं, मूळ १९४७ च्या ए-४० मधलं. दोन कार्बोरेटर लावून हेच १४८९ सीसी इंजिन इंग्लंडमध्ये एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं, आणि १७९८ सीसीपर्यंत वाढवून एमजीबीत. आपल्याकडे मात्र ते हिवाळी अधिवेशनात विधानभवनाबाहेर उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांत दिसलं. स्ट्रोक ८८.९ मिमी, म्हणजे बोअरपेक्षा बराच लांब. पळण्याची घाई नाही, पण पाच माणसं आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये हळू चाललं तरी ओढ सोडत नाही. हेडसुद्धा बिडाचंच.

फरक पडतो तो इथे. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये पद्मिनीचं पाणी एकदा उकळलं आणि चालवणाऱ्यानं गाडी तशीच रेटली, की हेड वाकतं, हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट जातं. लेथवाल्याकडे फेसिंग करून (घासून सपाट करून) मिळतं, पण प्रत्येक वेळी हेड पातळ होतं आणि कधीतरी फेसिंगला जागाच उरत नाही. अ‍ॅम्बॅसेडरचं पाणीही उकळतं, तिच्या रेडिएटरची हेळसांड चालते असं नाही, पण बिडाचं हेड जास्त सोसतं. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणं दोघींनाही चुकलेलं नाही. फियाटवाले इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकतात ते याचसाठी. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी दोन्हींचे जुने रबरी होज आणि पंपाचा डायफ्रॅम बदलून घ्याच.

माझं मत विचाराल तर, रोज ऑफिसला न्यायची असेल आणि घरात एकच जुनी गाडी परवडणार असेल, तर १४८९ सीसी पेट्रोलची अ‍ॅम्बॅसेडर. डिझेलच्या वाटेला जाऊ नका. ते इंजिनही १४८९ सीसीचंच आहे, पण फार मंद. १८०० सीसी इसुझूवाली सगळ्यात सोयीची, फक्त त्यात हा इतिहास उरत नाही. पद्मिनी त्यानं घ्यावी जो टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवेल आणि थंडीत सकाळी रामटेकपर्यंत जाऊन येण्यातच ज्याला समाधान आहे. त्या रस्त्यावर अ‍ॅम्बॅसेडर तिच्या जवळपासही येत नाही.

बघायला जाताना मालकाला सांगा, गाडी आधी चालू करून ठेवू नका. थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढा, पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा. डिपस्टिक ओढा, ऑइल दुधाळ दिसलं तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरा. मग चालू करा. झाकणाच्या तोंडाशी सतत बुडबुडे आले तर पद्मिनीत हेडचं काम निघालंच समजा. अ‍ॅम्बॅसेडरखाली गिअरबॉक्सच्या बाजूला तेलाचा थेंब दिसला तर मात्र घाबरू नका. तिच्या इंजिनातल्या क्रँकच्या (पिस्टननी फिरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सीलच नाही, ऑइल परत आत वळवणारी नुसती चकरी आहे. थोडं गळायचंच.