डोंगरउतारावर काय लावायचं? निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ की देशी रान (पाणी आणि वणवा दोन्ही बघून)

गावी दोन-चार एकर वरकस पडीक आहे, दर फेब्रुवारी-मार्चला शेजारच्या रानात कोणीतरी काडी टाकतं आणि वणवा आपल्या हद्दीत, ही रड कोकणात काय नि घाटावर काय सगळ्यांचीच. झाडं लावायची म्हटलं की पहिला सल्ला "लवकर वाढणारं लावा". माझ्या मते तिथेच फसतं.

निलगिरी वाढते झपाट्याने हे मान्य. पण मुळं खोल जातात आणि झाड उन्हाळ्यातही पान गाळून झोपत नाही, म्हणजे ऐन टंचाईत जमिनीतलं पाणी ओढणं चालूच. त्यात पानात तेल आणि सालीच्या सुटलेल्या पट्ट्या, त्या पेटल्या की वाऱ्यावर उडून लांब नवीन आग लावतात. जून २०१७ मध्ये पोर्तुगालच्या पेद्रोगाओ ग्रांदेला आगीत ६६ माणसं गेली, तिथलं रान मुख्यतः निलगिरी नि पाइनचंच. लाकूड विकायचंच असेल तर ठीक, नाहीतर नको.

ऑस्ट्रेलियन बाभूळ मध्यम. नत्र धरते, कातळावरही तगते, सावलीमुळे खाली गवत कमी होतं हा फायदा खराच. पण मुळं बरीचशी वरच्या थरात, आणि तिचं 'पान' म्हणजे चपटा झालेला देठ, लवकर कुजतच नाही, एप्रिलपर्यंत खाली पातेऱ्याची गादी तयार.

देशी मिश्र म्हणजे ऐन, जांभूळ, करंज आणि ओघळीजवळ उंबर. वाढ हळू, पहिली तीन-चार वर्षं जीव खातात. पण वेगवेगळ्या खोलीची मुळं जांभ्याच्या भेगांत शिरतात, जुनी मुळं कुजली की त्या नळ्यांतून पावसाचं पाणी आत मुरतं. काही झाडं तर रात्री खालचं पाणी मुळांतून वर आणून कोरड्या थरात सोडतात, १९८७ मध्ये अमेरिकेत सेजब्रश नावाच्या झुडपावर हे मोजलं गेलंय. सगळीच झाडं हे करतात असं समजू नका. उत्तराखंडात बांज (तिथला ओक) आणि चीड (डोंगरी पाइन) यांचा वाद याच धर्तीचा, बांजाखाली ओल नि मऊ माती, चीडाखाली वाळलेलं पिरूल म्हणजे सुयांसारखी पानं, काडी पडायचा अवकाश.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मुळांनी जमीन ओली ठेवली तरी वरचा सुका पातेरा किती ओला हे हवेवर ठरतं, दुपारी बाराला जमिनीत ओल असूनही पातेरा भडकतो. ओलीचा फायदा आडवाटेने मिळतो, खालची झुडपं हिरवी राहतात, सावली टिकते, वारा अडतो.

म्हणून मी देशीच लावीन, पण गवत वाळायच्या आत हद्दीला जाळपट्टा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढून, आणि ऐनाला पुढे ठेवून कारण त्याची जाड साल आग बऱ्यापैकी झेलते. काजू लावणार असाल तर खालचं गवत कापलंच पाहिजे. आणि वणवा विझला म्हणून घरी जाऊ नका, जुन्या खुंटांची मुळं आत धुमसत राहतात, दुसऱ्या दिवशी परत फिरून त्यावर पाणी ओता.