अमेरिकेच्या इतिहासाचे दोन खंड : सात महिन्यांच्या वाचनानंतर आणि गहाळ सोळा पानांनंतर

वसाहतींच्या स्थापनेपासून यादवी युद्धाच्या अखेरीपर्यंतचा हा दोन खंडांचा संच मी सात महिन्यांपूर्वी 3,800 रुपयांना घेतला. त्याचा कागद, नकाशे आणि छपाई यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. एका पुस्तकावर एवढी रक्कम मी सहसा खर्च करत नाही. या वेळी केली ती जोतीराव फुले यांच्यामुळे. 1873 साली ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. त्या माणसांनी नेमके काय केले आणि कोणता धोका पत्करला, हे मला तपशिलाने वाचायचे होते.

पहिल्या खंडाविषयी माझी काहीही तक्रार नाही. 1607 मधील जेम्सटाउन ही व्हर्जिनियातील इंग्रज वसाहत, 1609-10 च्या हिवाळ्यातील उपासमार, तंबाखूने वसाहतीला दिलेला आधार आणि 1619 मध्ये पॉइंट कम्फर्टला आणलेले वीसेक आफ्रिकी लोक, हा सगळा क्रम अतिशय स्वच्छ मांडला आहे. व्हर्जिनियाच्या 1662 च्या कायद्यावरचे पान तर मी तीनदा वाचले. इंग्रजी रिवाजानुसार मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे. या कायद्याने तो आईवरून ठरवला. त्यामुळे गुलाम स्त्रीला मालकापासून झालेले मूलही गुलामच ठरले आणि बाप स्वतःच्या लेकराचा धनी झाला. एका ओळीच्या कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या कशा बांधल्या गेल्या, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या नेमकेपणाने मी अन्यत्र वाचलेले नाही.

दुसऱ्या खंडाविषयी मात्र माझे मत आधी वाईट होते आणि ते मला बदलावे लागले. 1848 मध्ये मेक्सिकोशी तह होऊन अमेरिकेला अफाट प्रदेश मिळाला, येथे एक प्रकरण संपते. पान उलटले की एकदम 1859 उजाडते आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर चालून जातो. लेखकाने मधले दशक गुंडाळले, असे मी पेन्सिलीने समासात लिहिले आणि दोन परिचितांना तसे सांगितलेही. वादाचे मूळच न दिसल्यामुळे उत्तर आणि दक्षिणेतील हे यादवी युद्ध जकातीच्या भांडणातून पेटले असावे, अशी चुकीची समजूत मी दोन महिने बाळगून होते.

चौथ्या महिन्यात सूची चाळताना ‘अँथनी बर्न्स, पृष्ठ 296’ ही नोंद दिसली. ते पान काढायला गेले, तर 288 नंतर थेट 305 आले. सोळा पानांचा एक पूर्ण फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा जुडगा, बांधणीत राहून गेला होता. चूक लेखकाची नव्हती.

ती पाने नंतर ग्रंथालयातील प्रतीत वाचली आणि ज्यासाठी हा संच घेतला होता, ते सारे तेथेच सापडले. 1850 च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामाला पकडून देण्याचे काम केंद्र सरकारवर टाकले. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःची साक्षही देता येत नाही. निकाल देणाऱ्या आयुक्ताला मात्र मालकाच्या बाजूने निकाल दिला तर दहा डॉलर आणि माणसाला सोडले तर पाच डॉलर. पळालेल्याला आसरा देणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. तरीही मे 1854 मध्ये पळून आलेल्या आणि पकडल्या गेलेल्या बर्न्सला सोडवण्यासाठी बॉस्टनच्या लोकांनी न्यायालयाच्या इमारतीवर धडक मारली. ती फसली आणि सैनिकांच्या पहाऱ्यात त्याला बंदरावर नेऊन परत धाडण्यात आले. पुढच्या वर्षी कृष्णवर्णीय पाद्री लेनर्ड ग्राइम्स यांनी वर्गणी गोळा करून त्याला विकत घेतले आणि मुक्त केले. त्याच 1854 साली, जिच्या उत्तरेकडील पश्चिमेच्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी होती, ती 36 अंश 30 मिनिटांवरची 1820 ची सीमारेषा पुसली गेली आणि 1857 मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारले गेले. डिसेंबर 1860 मध्ये संघराज्यातून फुटून निघताना साउथ कॅरोलायना या दक्षिणेकडील राज्याने दिलेल्या जाहीर कारणांत उत्तरेकडील राज्ये पळालेले गुलाम परत करत नाहीत, ही तक्रार ठळक आहे. पण या सोळा पानांवाचून ती तक्रार वाचकाला अधांतरी वाटते.

विक्रेत्याने परतीची दहा दिवसांची मुदत संपल्याचे कळवले, नंतर खोके उघडतानाचे चित्रीकरण मागितले आणि पाचव्या पत्रानंतर उत्तर देणेच बंद केले. सहाशे पानांचा खंड दहा दिवसांत कोण वाचून संपवतो? बांधणीतला दोष वाचता वाचताच सापडणार, हे पुस्तके विकणाऱ्याला ठाऊक असायला हवे. शेवटी ग्रंथालयाच्या प्रतीवरून बत्तीस रुपयांत छायाप्रती काढल्या. त्या शिवून घेतल्या तर शिलाई ताणली जाऊन पुठ्ठा उसवेल, असे बाइंडरने सांगितल्यामुळे सध्या त्या दुमडून आत ठेवल्या आहेत. समासातला शेरा मी खोडून टाकला आहे आणि त्या दोन्ही परिचितांना तसे कळवलेही आहे.

संच घेण्याजोगा आहे, हे माझे मत आता पक्के आहे. मात्र खोके हाती येताच दुसऱ्या खंडाचे 288 वे पान उघडावे आणि पुढे 289 आहे की नाही ते पाहावे.